जो जहाजावर नाही, त्याचा माल

ईरा, परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, डू यू नो एनी पायरेट्स?" शाळेच्या प्रोजेक्टसाठी. मी म्हटलं, चाचे नाही ग माहीत, पण त्यांना जन्मभर ओळखणारी एक बाई माहीत होती. त्यावर मागून अनय ओरडला, "दॅट्स लेम!" बरोबर आहे त्याचं. फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखी ती नव्हतीच. म्हणून लिहिते आहे. रविवारी बाबा वाचून दाखवेल. कुठे अडलं तर त्यालाच विचारा, कारण लहानपणी तो या बाईला बराच घाबरायचा.

कुमुद देशकर. तुमच्या बाबाची कुमुद मावशी. अमेरिकेतल्या आमच्या ॲन आर्बरहून बसनं थोडं लांब एक छोटं कॉलेज होतं. आमच्या गावातल्या मोठ्या विद्यापीठाशी त्याचा काही संबंध नव्हता. तिथल्या लायब्ररीत मी पुस्तकांची वर्गवारी करायची आणि ती इतिहास शिकवायची. गेल्या वर्षी ती जर्सी सिटीला भाच्याकडे राहायला गेली आणि तिथेच वारली. तिचा सगळा जीवनवृत्तान्त मला माहीत नाही; तो तिनं कोणालाच सांगितला नाही. मला माहीत आहे तेवढं सांगते.

ती मूळची नागपूरची. समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला तो एम.ए. झाल्यावर, अमेरिकेचं विमान पकडायला मुंबईला आली तेव्हा, आणि तोही टॅक्सीच्या काचेतून. पुढे तिनं आयुष्यभर अभ्यास केला तो मात्र समुद्रावरच्या भांडणांचा. इटलीत लिव्होर्नो नावाचं बंदर आहे. तीन-चारशे वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रातली व्यापारी जहाजं तिथे लागत. कोणाचं जहाज वादळात सापडे, कोणामागे चाचे लागत, कोणाच्या जहाजावर प्लेग निघे. बंदरात शिरल्याबरोबर कप्तानानं न्यायाधीशासमोर जाऊन शपथेवर सांगायचं, काय घडलं, किती माल गेला, का गेला. मग व्यापारी भांडायला उभे राहत. त्या जबान्यांचे कागद अजून आहेत. दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात कॉलेज तिला तिकडे पाठवी, आणि ती जाऊन ते वाचत बसे. येताना आमच्यासाठी काय आणायची? काही नाही. "तिथं काय मिळतं? धूळ," म्हणायची. त्या धुळीवर उपाय म्हणून तिच्या तोंडात कायम लवंग असे.

बुटकी, गोल, आणि मे महिन्यातही अंगात मरून रंगाचा लोकरी कोट. घरात आली की पिशवीतून स्वतःच्या चपला काढून घालायची. दुसऱ्याच्या घरच्या सपाता तिला चालत नसत. आणि कोणीही काहीही सांगितलं की तिचा एकच प्रश्न असे, "तू स्वतः पाहिलंस?" आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका त्यामुळे तिच्याशेजारी बसायला कचरत. कोणाची सून कशी वागते, कोणाचा मुलगा कुठल्या मुलीबरोबर राहतो, हे सगळं सुरू व्हायचं आणि कुमुद वाटीतल्या चिवड्यातले शेंगदाणे वेगळे करत विचारायची, "तू होतीस का ग तिथं?" झालं. विषय संपला. एकदा तर वैतागून एक काकू म्हणाल्या, "अहो कुमुदताई, आम्ही काय कोर्टात आलोय?" ही म्हणाली, "नाही ना. म्हणून तर इतक्या बिनधास्त बोलून राहिल्या तुम्ही." रागावली किंवा रंगात आली की तिचं नागपूर असं बाहेर यायचं.

एका उन्हाळ्यात आम्ही सगळे तळ्यावर पिकनिकला गेलो होतो. तळ्यात नाव काढली तेव्हा तुमचे आजोबा म्हणाले, "चला कुमुदताई, तुमचं तर हे क्षेत्र." ती झाडाखालून हललीच नाही. तिला पोहता येत नव्हतं आणि होडीच्या नुसत्या डुलण्यानं तिला उलटी व्हायची. "समुद्र माझा विषय आहे," म्हणाली, "नातेवाईक नाही."

आता तुमच्या बाबाची गोष्ट. निखिल नऊ-दहा वर्षांचा होता. तो आणि त्याचे दोन मित्र अंगणात बेसबॉल खेळत होते आणि गराजची काच फुटली. मी विचारलं तर तिघंही म्हणाले, "द विंड टुक इट." मी सोडून देणार होते. कुमुद स्वयंपाकघरात चहा पीत बसली होती. ती उठली, तिघांना तीन खोल्यांत बसवलं आणि एकेकाकडे जाऊन आली. परत येऊन मला म्हणाली, "सुधा, तिघांचं वाक्य एकच आहे, शब्दही तेच. खरं बोलणारी माणसं कधी इतकं सारखं बोलत नाहीत. एकाला वारा आठवतो, एकाला आवाज, एकाला स्वतःची भूक. जहाजावरचे पाच खलाशी एकच वाक्य बोलले की मी समजते, हे वाक्य कप्तानानं वाटलंय." मग दाराशी जाऊन मोठ्यानं विचारलं, "कॅप्टन कोण?" आणि तुमचा बाबा रडत बाहेर आला. काचेबद्दल ती त्याला एक शब्द बोलली नाही. फक्त म्हणाली, "पुढच्या वेळी दोघांना वेगळी वाक्यं दे."

तिच्या वर्गात मी पुस्तकं पोचवायला जायची तेव्हा कधी कधी थांबून ऐकत असे. एक नियम ती फळ्यावर न लिहिता नुसता सांगायची. वादळात जहाज बुडायला लागलं की वजन कमी करायला माल पाण्यात फेकावा लागतो. कोणाचा? ज्याचा हाताशी लागेल त्याचा. पण जहाज वाचलं तर ते त्या मालाच्या बळावर वाचलं. म्हणून नुकसान एकट्याचं नाही. ज्यांचा ज्यांचा माल सुखरूप पोचला त्या सगळ्यांनी ते वाटून घ्यायचं. आणि फेकायच्या आधी कप्तानानं व्यापाऱ्यांना विचारलं पाहिजे. न विचारता फेकलं तर त्याचा दोष कप्तानाचा. "किती शहाणी माणसं होती बघा," असं ती मुलांना म्हणायची. मुलं माना डोलवायची. मग ती लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सारायची आणि म्हणायची, "हा झाला नियम. आता कागद बघू."

कागदात एक विधवा होती. तिच्या कापसाच्या गाठी स्मर्ना या पूर्वेकडच्या बंदरातून येणाऱ्या जहाजावर होत्या आणि ती स्वतः घरी. वादळ आलं. जहाजावरच्या व्यापाऱ्यांनी ठरवलं की तिच्याच गाठी टाकायच्या. बंदरात येऊन कप्तानानं शपथेवर सांगितलं, त्या सगळ्यांत वर होत्या म्हणून आधी गेल्या. पण हमालांची जबानी होती की तिचा माल सगळ्यात आधी चढवला होता. म्हणजे तो तळाशी असणार. मग तळातला माल आधी कसा गेला? आणि तिच्या नुकसानाचा वाटा उचलायला कोणी तयार नव्हतं. बाई वर्षानुवर्षं भांडत राहिली. निकाल काय लागला, तो कागद कुमुदला सापडला नव्हता. त्याच्यासाठी तिचं पुस्तक अडलं होतं. पुस्तक नाही म्हणून तिची नोकरी कधी कायम झाली नाही. दर काही वर्षांनी करार नवा करायचा, तेवढंच. मी म्हणायची, "अगं, निकालाशिवाय छाप." ती म्हणायची, "तिला न विचारता? अजून एक खोकं बघू दे."

"जो जहाजावर नाही, त्याचा माल आधी पाण्यात," हे तिचं वाक्य. त्या विधवेवरून आलेलं. त्यावरून ती एकदा मंडळातही भांडली.

संक्रांतीचा कार्यक्रम होता. बाहेर बर्फ, लोक उशिरा आलेले, आणि हॉल ठरल्या वेळी सोडायलाच हवा, कारण नंतर कुणाचं तरी रिसेप्शन. अध्यक्ष साठेकाका, निवृत्त हार्ट सर्जन, स्टेजवरून म्हणाले की वेळेअभावी एक आयटम कॅन्सल केलाय. कुमुद मागून उठली.

"कोणाचा, साठेसाहेब?"

"ते टोलेडोचं नवीन जोडपं आहे ना, त्यांच्या मुलीचा डान्स. हायवेवर अडकलेत. म्हटलं, त्यांचाच काढू, म्हणजे कोणाला वाईट वाटायला नको."

"कोणाला म्हणजे इथं बसलेल्यांना."

"अहो कुमुदताई, आता ते आलेच नाहीत तर काय करणार?"

"तुमची नाट्यगीतं किती?"

मागून कोणीतरी म्हणालं, "चार!" आणि हशा पिकला.

"एक कमी करा. नाटुकल्यातला तो लांबलचक दारुड्या कमी करा. माझं भाषण कमी करा. सगळ्यांनी थोडं थोडं पाण्यात टाका, ती पोरगी नाचू दे."

"हे काय जहाज आहे का हो?"

"बुडायला लागलं की सगळं जहाजच असतं."

टोलेडोचं कुटुंब आलं तेव्हा त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मुलगी नाचली, दोनदा चुकली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साठेकाकांनी तीनच गाणी म्हटली आणि नंतर तिळगूळ देताना कुमुदला म्हणाले, "तुम्ही मला बुडवलंत." ती खूष होती. मला वाटतं, तिथेच तिचा समज झाला असावा की नियम मोठ्यानं म्हटला की लोक तो पाळतात.

पुढच्या गोष्टीला फार वर्षं झाली नाहीत. कॉलेजात मुलं कमी झाली होती. इतिहास विभागात चार कायमचे प्राध्यापक आणि पाचवी कुमुद. डीननं सांगितलं, एवढा खर्च परवडत नाही, कमी करा. विभागप्रमुख मार्गारेट कुमुदची मैत्रीण होती. तिची आई गेली तेव्हा कुमुद तिच्या घरी आठवडाभर राहून स्वयंपाक करत होती. मार्गारेटच्या मुलांना तिची कोथिंबीर भरलेली पुडाची वडी इतकी आवडली की ती नंतर दर नाताळात मागत. कुमुदनं मार्गारेटकडे जाऊन सुचवलं, कोणा एकाला टाकू नका. पाचही जणांनी एकेक विषय सोडू, थोडा थोडा पगार सोडू, सगळे राहू. मार्गारेट म्हणाली, "कुमुद, दॅट्स ब्यूटिफुल." बाकीचे तिघंही कॉरिडॉरमध्ये भेटले तेव्हा म्हणाले, व्हॉट अ ब्यूटिफुल आयडिया. कुमुदनं हे मला लंचला सांगितलं. तिला वाटलं, ठरलं.

मग फेब्रुवारीत तिला ईमेल आलं. शुक्रवारी दुपारी विभागाची अनौपचारिक चर्चा आहे, जमलं तर ये. तिनं ते मला लायब्ररीत येऊन दाखवलं आणि म्हणाली, "मी जात नाही."

"का ग?"

"कॉलेजच्या नियमावलीत लिहिलंय. ज्याच्यावर परिणाम होणार त्याच्याशी सल्लामसलत केल्याशिवाय निर्णय होणार नाही. मी गेलेच नाही तर सल्लामसलत झाली नाही. ती झाली नाही तर मला टाकता येत नाही."

"कुमुद, हा तुझ्या जहाजांचा नियम आहे. ते लोक तुझ्या गैरहजेरीत उरकतील."

"नियम नियम असतो."

"अगं, जा, बस तिथे. तुझी ती कल्पना तूच मांड. तुझ्या तोंडावर कोणी नाही म्हणणार नाही."

"माझी कल्पना चौघांना माहीत आहे. ते मांडतील. आणि मी जाऊन बसले की त्यांच्या कागदावर येईल, हिला विचारलं होतं. तू हे कागद वाचले नाहीस, सुधा. मी वाचलेत." आणि काहीशी चिडून म्हणाली, "तू काहून इतकी घाबरून राहिली?"

दुसरं कोणीही असतं तर त्या बैठकीला धावत गेलं असतं. ती चारशे वर्षांपूर्वीच्या एका नियमावर विसंबून त्या शुक्रवारी घरी बसली आणि मेथीचे पराठे केले. संध्याकाळी मला आणून दिले.

सोमवारी पत्र आलं. विभागात सल्लामसलत झाली. डॉ. देशकर यांना आमंत्रण होतं, त्या उपस्थित राहिल्या नाहीत. एकमतानं ठरलं की त्यांचा करार पुढे चालवू नये. सगळ्यांनी थोडं थोडं सोडायची गोष्ट बैठकीत कोणी काढलीच नाही, हे मला नंतर ऑफिसातल्या बाईकडून कळलं.

मी धावत तिच्या खोलीत गेले. ती कोट घालून खुर्चीत बसली होती. मी मार्गारेटबद्दल काहीबाही बोलले. कुमुदनं ते ऐकून घेतलं.

"तिनं नियम मोडला नाही," ती म्हणाली. "त्या नियमाला पुढचं अर्धं आहे. व्यापारी जहाजावर नसेल तर कप्तानानं खलाशांना विचारायचं. तेवढं पुरतं. मी स्वतः शिकवलंय ते. दर वर्षी शिकवते."

मग "म्हणजे आता लिव्होर्नो नाही," एवढंच म्हणाली. कॉलेजच्या पैशावर ती जात होती. स्वतःच्या पेन्शनीतून तिला ते कधी जमणार नव्हतं, आणि गुडघेही उरले नव्हते. त्या विधवेचा निकाल तिच्या हातून गेला.

निरोपसमारंभ त्यांनी केला. निळ्या क्रीमच्या लाटा आणि वर चॉकलेटचं जहाज असा केक होता. एकेकानं येऊन तिचे हात हातात घेतले. "इट वॉज आउट ऑफ अवर हँड्स." पहिला म्हणाला. दुसराही तेच म्हणाला. तिसऱ्याच्या वेळी कुमुदनं माझ्याकडे पाहिलं. हा तिसरा म्हणजे ब्रायन, अमेरिकेतल्या रेल्वेचा इतिहास शिकवायचा, भला माणूस, त्याचे डोळे खरोखरच भरले होते, आणि तोही म्हणाला, इट वॉज आउट ऑफ अवर हँड्स. शेवटी मार्गारेट आली. तिनं कुमुदला मिठी मारली आणि तेच वाक्य तिच्या केसांत म्हटलं.

कुमुद मराठीत मला म्हणाली, "चारही जबान्या झाल्या. केक काप."

मार्गारेटनं हसून विचारलं, "व्हॉट डिड शी से?" मी म्हटलं, शी इज टच्ड. दुसरं काय सांगणार होते?

केक कापताना त्यांनी जहाज तिला देऊ केलं. ती म्हणाली, नको, जहाज तुम्ही ठेवा, मला पाण्याचा तुकडा द्या. सगळे खूप हसले. तिचा विनोद त्यांना फार आवडायचा.

पुढच्या वर्षी तिचा विषय ब्रायनकडे गेला. रेल्वेला मुलं येत नव्हती. विषयाचं नाव बदलून 'चाचे' ठेवलं आणि वर्ग एकदम भरला. त्यानं तिला घाबरत घाबरत फोन करून टिपणं मागितली. मी म्हटलं, देऊ नकोस. तिनं दिली. आणि त्याहून वाईट म्हणजे ती त्याच्या वर्गाला जाऊन बसायला लागली. निवृत्तांना मागच्या रांगेत फुकट बसता यायचं. मी विचारलं, "तुझाच विषय, त्याच्या तोंडून? कशाला स्वतःला असं करून घेतेस?" म्हणाली, "घरी बसलं की हीटिंग चालू ठेवावं लागतं."

त्या हिवाळ्यात एका दुपारी रस्त्यांवर बर्फाची काच झाली होती आणि बस बंद होत्या, म्हणून मी गाडी घेऊन तिला आणायला गेले. वर्ग अजून सुटला नव्हता. दार उघडंच होतं, मी दारात उभी राहिले. कुमुद शेवटच्या रांगेत, कोट घातलेली, मांडीवर पिशवी. वही नव्हती. पुढे ब्रायन सांगत होता की वादळात माल फेकण्याआधी कप्तान व्यापाऱ्यांचा सल्ला घेत असे, तसा कायदाच होता. पडद्यावर जहाजाचं मोठं रंगीत चित्र होतं.

पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "पण ते खरंच विचारायचे का?"

ब्रायनला माहीत नव्हतं. त्यानं मागे पाहिलं आणि मोठ्या आदरानं म्हणाला, "इथे ज्यांनी ते सगळे कागद स्वतः वाचलेत त्या बसल्या आहेत. डॉ. देशकर?"

सगळी मुलं वळली. मला वाटलं, आता ती बोलेल. हमाल, तळातल्या गाठी, ती विधवा, सगळं. तिनं मला दारात पाहिलं होतं. ती हळूच उठली, गुडघ्यावर हात देऊन, आणि पिशवी खांद्याला लावली.

"हो," ती म्हणाली. "नेहमी विचारायचे. प्रत्येक कागदात तसं लिहिलेलं आहे. शब्दही तेच."

ब्रायननं तिचे आभार मानले. त्या मुलीनं ते लिहून घेतलं.